ज्वारीतली आखूड वाट

ता. लोहा, जि. नांदेड
२७ ऑक्टोबर २०२५

तीन रकाने सांगितले होते, एकच कामून केला? बायका, गडी, लेकरं. मागच्या येळवसेला दिवसभर तुमच्या त्या उपग्रहवाल्या कंपनीच्या पोरांसंगं मी रान तुडवलं, कडब्याच्या एकेका कोपीपाशी थांबले, आतली माणसं वेगवेगळी मोजून सांगितली. आन् तू दिवाळीला चौकटीत घालून ती आभाळातली तसबीर पाठवली, तिच्यात आमच्या कोपीभवती लाल गोल आन् खाली नुसतं अकरा. अकरा काय? शेळ्या? लुंबिनीनं इंग्रजी वाचून सांगितलं, "आजी, लेकरांचा रकानाच न्हाई हितं." ती गावची आशाताई हाय, दवाखान्याचे रोज दहा तक्ते भरती, तिला रकान्यातलं कळतं.

चि. सुकन्या हिस मोठीआईचे आशीर्वाद. मी बरी हाय. गुडघे बरे न्हाईत. फोन कर म्हणू नको. उजवा कान गेला, डावा बेभरवशाचा, आन् तुझा बाप वैजनाथ लातूरहून येतो तो मधी बसून तुझं अर्धंच मला सांगतो. साक्षरतेच्या वर्गात पंचेचाळीसाव्या वर्षी अक्षरं गिरवली ती काय रेशनच्या दुकानात सही करायला? कागदावर लिही.

तुझ्या त्या साहेबीण मालविकाबाईला येळवस म्हणजे काय ते मीच सांगितलं होतं. त्या अमावस्येला घराला कुलूप, सगळा गाव रानात. उभ्या ज्वारीत कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, वर शाल पांघरायची, आत पांडव पुजायचे, आंबिल प्यायची, ज्याला त्याला हाक मारून आपल्या रानात जेवायला बसवायचं. लातूरचे रस्ते सुदिक ओस पडतात त्या दिवशी. ती म्हणली, "आजी, आम्हाला असंच पाहिजे. उघड्या रानात अचानक आलेली माणसं." म्हणलं, तुमचं काम तर पीकविम्याचं, त्याला माणसं कशाला लागतात? म्हणली, यंत्राला पीक कुठलं आन् माणूस कुठला ते कळाय पाहिजे. मला पटलं.

पोरं तुमची शिकलेली, पण छातीएवढ्या ज्वारीत काय बघावं ते त्यांना कळंना. कोपीत माणूस हाय का रिकामी, वरून कसं समजायचं म्हणून डोकं धरून बसली होती. मीच म्हणलं, कोप कशाला बघता, वाट बघा. ज्वारीत पाय पडला की ताट आठ दिवस उठत न्हाई. विहिरीकडून कोपीकडं लांब वाट असती ती सगळ्यांची. आन् कोपीमागं चारसहा पावलांची एक आखूड वाट असती, ती कुठंच जात न्हाई. ती लेकराची. लेकराला परसाकडं लांब नेत न्हाई कुणी, मागं बसवायचं आन् आणायचं. जिथं आखूड वाट तिथं लेकरू. शेजारच्या रानातल्या भीमाच्या कोपीमागची दाखवली तवा पोरं खुश झाली, वहीत लिहून घेतलं.

एवढं सांगून लेकरंच गाळता, याला काय म्हणावं?

आन् एक. सप्टेंबरात आठ दिवस पाणी उभं होतं रानात. सोयाबीन काळं पडलं. तवा कुठं होती तुमची आभाळातली डबडी? विम्याचा माणूस म्हणला, ढग होते, फोटो आला न्हाई. पाऊस पडताना ढग असणारच की रे बाबा.

रकान्याचं लिही.

तुझी मोठीआई
लक्ष्मीबाई

———

बेंगळुरू
४ नोव्हेंबर २०२५

ती. मोठीआईस,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं आणि खालच्या सुरक्षारक्षकापासून सगळ्यांनी हातात घेऊन बघितलं. इथे आता कुणाला पत्रच येत नाही.

रकान्याचं एवढं काही नाही गं. चौकट लहान होती, तीन आकडे मावत नव्हते, म्हणून एकच ठेवला. भेट म्हणून पाठवलेली तसबीर आहे ती, तक्ता नाही. तू रागावशील असं वाटलं नव्हतं. उलट मला वाटलं होतं, तू भिंतीवर लावून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवशील.

तुला एक सांगायचं राहिलं. तुझी आखूड वाट इथे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या यंत्राला ज्या खुणा शिकवल्या आहेत त्या प्रत्येकीला नाव असतं. त्या खुणेला आम्ही तुझंच नाव दिलंय, 'लक्ष्मी'. साडेपाचशे किलोमीटर वरून जाणारा उपग्रह रोज 'लक्ष्मी' शोधतो. झाली की नाही मोठी?

माझी सप्टेंबरमध्ये बढती झाली. आता माझ्या हाताखाली सहा जण आहेत. बाबांना सांगितलंय, पण त्यांनी तुला अर्धंच सांगितलं असेल.

यंदा येळवस १९ डिसेंबरला आहे. कंपनी पुन्हा येणार. मागच्या वेळेसारखंच, प्रत्येक कोपीजवळ नंबरचा बांबू रोवायचा आणि माणसं मोजून सांगायची. शिवाय यंदा संध्याकाळचंही हवंय, हेंडग्यांच्या मशाली पेटवून रानाभोवती पळता तेव्हाचं. नवा उपग्रह सोडलाय, त्याला उष्णता दिसते. मालविका मॅडम आधी एकदा येऊन संमतीचे कागद देतील. बायका तुझं ऐकतात. तू अंगठे आणि सह्या घेऊन ठेवशील का? दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

मला यंदाही येता येणार नाही. गुडघ्यांना तेल लाव.

तुझी
सुकन्या

———

ता. लोहा, जि. नांदेड
१३ नोव्हेंबर २०२५

ज्वारी पिकवणारा आन् येळवस करणारा दुसरा कुठला देश हाय, ते आधी मला सांग.

आशीर्वाद. तुझी मालविकाबाई परवा येऊन गेली. नांदेडच्या वकिलाची लेक, बोलायला साखर. शाल-नारळ दिला, माझा फोटो काढला. मी तिच्या शब्दावर दोन दिवस घरोघर हिंडले. एकतीस जणींचे अंगठे आन् सह्या घेतल्या. तुझ्या वयाच्या पोरी सही करतात, माझ्या बरोबरीच्या अंगठा, आन् शाळा न शिकलेली भीमाबी अंगठाच. भीमा म्हणली, "मावशी, कशावर करायची?" म्हणलं, "मी हाय ना." तिनं वाचूनसुदिक घेतलं न्हाई, केला अंगठा.

आज सकाळी मालविकाबाई कागद बघायला परत आली. चहा पितापिता म्हणली, "आजी, तुमची लक्ष्मी आता परदेशात काम करते बरं का!"

म्हणलं, "कुठल्या?"

"आहे एक देश."

"तिथं ज्वारी हाय?"

"ज्वारीसारखंच काहीतरी उंच असतं."

"मग तिथल्या शेतकऱ्याला विमा कोण देतं?"

तिनं मोबाईल बघितला. बायामाणसं अवघड प्रश्नाला पूर्वी पदर सावरायच्या, आता मोबाईल बघतात. उठली, गाडीत बसली, मग पर्स राहिली म्हणून डायवरला आत धाडलं. संगप्पा त्याचं नाव, उदगीरकडचा, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलतो. पर्स उचलताना मला म्हणला, "आजी, विम्याचं नाही ते. फौजेचं काम हाय. मॅडम गाडीत दिवसभर तेच बोलून राहिल्यात."

सुके, फौजेला लेकराची वाट कशाला लागती?

कागद अजून माझ्या पेटीत हायत. मालविकाबाई म्हणली, येळवसेच्या सकाळी घेऊन जाते. तवर मला खुलासा दे. गोडगोड लिहू नको.

लक्ष्मीबाई

———

बेंगळुरू
२१ नोव्हेंबर २०२५

ती. मोठीआईस,
साष्टांग नमस्कार.

संगप्पाने असं बोलायला नको होतं. त्याला यातलं काही कळत नाही.

मला सगळं सांगता येत नाही, मी तशी सही केलेली आहे. सांगता येतं तेवढं सांगते. आम्ही बंदुका विकत नाही. आम्ही चित्र काढतो आणि चित्र वाचून देतो. कुणी पिकासाठी घेतं, कुणी रस्त्यांसाठी, कुणी धरणांसाठी, आणि हो, काही देशांची सैन्यंही घेतात. मधे दुसरी एक कंपनी असते, आमचा त्यांच्याशी थेट संबंधही येत नाही. जगातली कुठलीही उपग्रहाची कंपनी बघ, हेच आहे. खरं सांगायचं तर शेतीवर ही कंपनी एक महिना चालणार नाही. उपग्रह वर जातो तो फौजेच्या कंत्राटावर. शेतकरी आमच्या जाहिरातीत असतो.

पण तू समजतेस तसं वाईट नाही ते. उलट विचार कर. एखाद्या रानात लेकरं आहेत हे वरून कळलं, तर तिथे हल्ला करायचा नाही हेही कळतं. आधी कळत नव्हतं. म्हणजे तुझी खूण माणसं वाचवते. मी स्वतःला हेच सांगते आणि ते खोटं नाही.

बायकांना यातलं काही सांगू नकोस. त्या घाबरतील, आणि मागचं वर्षभराचं काम वाया जाईल. मॅडमनी मला विचारलंय, तुमची आजी नक्की आहे ना आपल्याबरोबर? मी हो म्हणाले.

थंडी पडली का? इथे रोज तसंच.

तुझी
सुकन्या

———

२९ नोव्हेंबर २०२५

वाचवायचं होतं तर रकाना कामून काढला?

सगळी रात गेली माझी त्यावर असं लिहीत न्हाई, मी झोपले. पण सकाळी शेण काढताना ध्यानात आलं. लेकरं हायत हे ज्याला सांगायचं असतं तो लेकरांचा रकाना पहिला ठेवतो. चौकट लहान होती म्हणून कुणी लेकरं गाळत न्हाई. लग्नाच्या जेवणाचा अंदाज करतानासुदिक आपण लेकरं वेगळी मोजतो.

मला मोठं पत्र नको. एक ओळ लिही. ज्या रानात लेकरं हायत हे तुमच्या यंत्राला कळलं होतं त्या रानावर वरून काही टाकलं का न्हाई टाकलं.

येळवसेच्या आत जबाब पाहिजे. एकतीस बायांचे कागद माझ्या पेटीत हायत आन् त्या मला रोज विचारून राहिल्यात, मावशी, बांबू कवा रोवायचे.

लक्ष्मीबाई

———

बेंगळुरू
६ डिसेंबर २०२५

मोठीआई,

टाकलं.

तू एक ओळ मागितलीस, ती ही. पुढचं मी लिहितेय ते तू मागितलं म्हणून नाही, माझ्याच्याने आता राहवत नाही म्हणून. हे फोनवर किंवा मेलवर लिहिता आलं नसतं, कंपनी सगळं बघते. हाताने लिहिलेलं कुणी बघत नाही. तुझा हट्ट आज माझ्या उपयोगी पडला.

मार्चमध्ये त्या मधल्या कंपनीची माणसं पडद्यावर आली होती. आम्ही त्यांना तीन आकडे देत होतो. बायका, पुरुष, मुलं. मुलांचा आकडा तुझ्या वाटेवरून यायचा. ते म्हणाले, तीन आकडे आले की वरचा अधिकारी विचार करत बसतो, निर्णय लांबतो. एकच द्या, माणसं किती. मालविका मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सुकन्या, आज होईल ना हे?" मी म्हटलं, होईल. दुपारच्या जेवणाआधी झालं. एवढं सोपं होतं. यंत्राला अजूनही कळतं, मोठीआई. आत कुठेतरी ते मुलं मोजतंच. फक्त ते कुणाला सांगायचं नाही, एवढं मी त्याला शिकवलं.

ऑगस्टमध्ये एक चित्र आलं. गाव सोडून माणसं उंच पिकात लपली होती. ताटांचे आडोसे केले होते, आपल्या कोपीसारखेच, फक्त शाल पांघरलेली नव्हती. आमच्या यंत्राने लिहिलं, चौदा. ते पुढे गेलं. दुसऱ्या दिवशी त्याच रानाचं चित्र माझ्यासमोर आलं, आमचं बरोबर आलं का ते तपासायला. पाण्याकडून आलेली लांब वाट तशीच होती. मागे एक आखूड वाट होती, कुठेच न जाणारी. तिच्या टोकाला काळं होतं. आडोसाही काळा होता.

मला ती ओळखू आली. मी मोजली. सहा पावलं.

मी 'बरोबर' अशी खूण करून चित्र पुढे पाठवलं. कारण चौदा हे बरोबरच होतं. सप्टेंबरमध्ये बढती मिळाली. त्याच आठवड्यात तुझ्यासाठी ती चौकट बनवायला टाकली. का, ते मला सांगता येत नाही. तुझ्या पहिल्याच पत्रात तू नेमकं तेच विचारलंस, आणि मी लिहिलं, चौकट लहान होती.

हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल. मी सही केलीय, नोकरी तर जाईलच, त्याहून वाईटही होऊ शकतं. कंपनीला कागद देऊ नकोस. पण कारण सांगू नकोस. तब्येत बरी नाही म्हण, बायका तयार नाहीत म्हण. तेवढं कर माझ्यासाठी. भीमाकाकूला तर काहीच सांगू नकोस. तिला का त्रास द्यायचा? तिने काय केलंय?

सुकन्या

———

बेंगळुरू
१५ डिसेंबर २०२५

मोठीआई,

पत्र मिळालं का? जाळलंस का? बाबांना विचारलं तर म्हणाले, आई काही बोलत नाही, नुसती ज्वारी निवडत बसलीय. मॅडम १८ ला संध्याकाळी नांदेडला पोचतायत. दोन अक्षरं लिही, किंवा बाबांकडून 'हो' एवढं कळव. मला जेवण जात नाही.

सुकन्या

———

ता. लोहा, जि. नांदेड
२० डिसेंबर २०२५

जाळलं न्हाई. चुलीपाशी नेलंसुदिक न्हाई, उगी खोटी आस नको तुला.

तुझं पत्र बारा तारखेला दुपारी आलं. मी ते तीनदा वाचलं. हळू वाचते म्हणून तीनदाला संध्याकाळ झाली. तुला शिव्या द्यायच्या होत्या, त्या पहिल्या वाचनाला दिल्या. दुसऱ्या वाचनाला माझा नंबर आला.

मला कुणी विचारलं नव्हतं, सुके. तुमच्या पोरांनी एवढंच विचारलं होतं, कोप भरलेली का रिकामी. लांब वाट दाखवून मी गप बसले असते तर चाललं असतं. लेकराची वाट मी आपल्या मनानं दाखवली. शिकलेली पोरं वहीत माझं बोलणं लिहून घेऊन राहिली होती, मला चेव आला. आन् दाखवली कुणाची तर भीमाची. तिला न विचारता. "हे बघा, हितं भीमाची पोरगी बसती," असं मोठ्यानं म्हणले, पोरं हसली, मी हसले. भीमा आपली पोरीची चड्डी वर वढत, मान खाली घालून उभी होती. तवा मला त्यात काही वाटलं न्हाई. तू रकाना काढला हे खरं. पण तो भरला मी.

तू म्हणलीस, निमित्त सांग, तब्येतीचं. मी दोन दिवस त्याचाच विचार केला, खोटं कशाला बोलू. सोपं होतं. गुडघे तर दुखतातच. माझी नात वाचती, माझं नाव वाचतं, गाव मला मावशी म्हणत राहतो. आन् भीमाचा अंगठा मी माझ्या पेटीतून गुपचूप काढून फाडून टाकायचा. पण अंगठा घेताना म्हणले होते, मी हाय ना. मग फाडताना मी कुठं गेले?

अठराला दुपारी सगळ्यांना ओसरीवर बोलावलं. येळवसेचे उंडे करायची गडबड होती, हात पिठाचे तशाच आल्या. लुंबिनीला म्हणलं, वाच. आखूड वाटेपाशी ती थांबली. माझ्याकडं बघितलं. म्हणलं, थांबू नको, ते आम्हाला ऐकायचंय.

ती वाचून उठली. मग एकजण म्हणली, "परदेशातलं हाय ते, आपल्याला काय करायचं?" दुसरी म्हणली, "म्हणजे विमा गेला म्हणा." आन् तुझ्या चुलत चुलतीनं तोंडावर सांगितलं, "म्हातारे, नातीच्या नोकरीपायी आम्हाला रानात मिरवलंस." खरं होतं ते.  

ज्याचा त्याचा कागद ज्याच्या त्याच्या हातात दिला. एकवीस जणींनी तिथंच फाडले. नऊ जणींनी घडी करून कंबरेला खोचले. म्हणल्या, विम्याचं काही झालं तर? म्हणलं, द्या मग उद्या, पण तुमच्या हातानं. सगळा गाव काय माझ्या बाजूला आला न्हाई, असं तुला वाटू नये म्हणून सांगते.

भीमानं फाडला न्हाई, खोचलाबी न्हाई. तिथंच ओसरीवर ठेवून गेली.

काल सकाळी तुझी मालविकाबाई बांबू घेऊन रानात आली. म्हणलं, बाई, जेव हवं तर, येळवसेला कुणाला उपाशी धाडत न्हाईत, पण बांबू रोवायचा न्हाई माझ्या रानात. ती तापली न्हाई. हसूनच म्हणली, "आजी, तुम्ही नाही म्हणालात तरी वरून फोटो निघतोच."

"निघू दे. आभाळ माझ्या बापाचं न्हाई. त्याला शिकवणार न्हाई एवढंच."

मग तिनं विचारलं, हे सगळं तुम्हाला कुणी सांगितलं. सुके, मी संगप्पाचं नाव सांगू शकले असते. गरीब माणूस, त्यानं एक ओळ सांगितली होती. बाकी सगळं तुझं. मी म्हणलं, माझ्या नातीनं लिहिलंय, तिच्या अक्षरात हाय. तिनं मोबाईल काढला आन् बांधावर जाऊन बोलत राहिली. हे पत्र तुझ्या हाती पडंल तवर तुला कळलंच असंल काय बोलली. माझा राग धर. मला चालंल. तुला तिथून काढतील, पुढं काय होईल मला ठावं न्हाई, वकील लागला तर वैजनाथला सांगितलंय. पण खरं लिहिलंस ते निनावी ठेवायचं म्हणलं असतं तर तुझ्या रकान्यासारखंच झालं असतं. कळतं आत, सांगायचं न्हाई बाहेर.

एक येडेपणा केला तोबी सांगते. सकाळी कुणी यायच्या आत माझ्या कोपीमागं मी एकटीनं चार आखूड वाटा पाडल्या. म्हणलं, यंत्र चुकू दे. चौथी पाडताना थांबले. चुकून काय होणार? ते लेकरं जास्ती मोजंल आन् कुणालाच सांगणार न्हाई. ज्वारीची पन्नास ताटं मोडली, पायात काटा गेला. त्या खुणेचं नाव लक्ष्मी ठेवलंय म्हणलीस. मी हितून ज्वारीत कितीबी नाचले तरी ती तिथं चालतच राहणार. ते नाव काढ म्हणायचासुदिक मला तोंड न्हाई. राहू दे. माझंच हाय.

दुपारी जेवणं झाली. दरवर्षी भीमा मला तिच्या रानातून हाक मारती, "मावशी, आंबिल प्यायला या!" आख्ख्या शिवारात ऐकू जाईल अशी. मला न ऐकू येणाऱ्या कानातबी ती हाक येती. यंदा न्हाई मारली. तिच्या कोपीपासून माझी कोप दिसती. तिनं हिकडं तिकडं सगळ्यांना बोलावलं, दोन बांधावरच्या माणसांना बोलावलं. मी तोंड धुऊन तयार बसले होते. भीमा सून होऊन गावात आली तवापासून असं कधी झालं न्हाई.

ऊन उतरल्यावर ती आपणहून आली. पोरगी कडेवर. बसली न्हाई. मला वाटलं शिव्या देईल, मी म्हणलं, दे. ती म्हणली, "मावशी, त्या रानातल्या लेकराचं नाव काय होतं?"

म्हणलं, "मला कसं ठावं असणार, भीमा?"

"सुकन्याला असंल. तिनं पावलं मोजली ना."

मी तिच्यापुढं बसायला पोतं सारलं.  ती म्हणली, "पोरगी होती का पोरगं? का एकाहून जास्ती होती? चौदात किती?" मग उभ्याउभ्याच म्हणली, "माझी वाट घेतली तर मला एवढं कळाय पाहिजे." आन् गेली. हेंडगे पेटले तवा ती रानाभवती पळाली न्हाई. पोरीला घेऊन गावाकडं चालत गेली, रस्त्यानं. ज्वारीतून गेली न्हाई.

आता तुझं काम ऐक. तुला काढलं असंल तर तुला येळ हाय. न काढलं तर येळ काढ. त्या गावात कोण होतं ते शोध. तिथली माणसं असतील, पळून वाचलेली असतील, नावं लिहून ठेवणारं कुणी तरी असतंच, आपल्याकडं महापुरात गेलेल्यांचीबी वही असती. विचार. सापडलं तर नाव लिही. न्हाई सापडलं तर न्हाई सापडलं असं लिही, कुठं कुठं विचारलं तेबी लिही. चौदातली लेकरं किती, तो आकडा तर तुमच्या यंत्रात हायच. तो काढ आन् लिही.

मला जबाब लिहू नको. मी विचारलेलं न्हाई. भीमाला लिही, तिच्या नावानं, तिच्या घरच्या पत्त्यावर. तिला वाचता येत न्हाई, लुंबिनी वाचून दाखवंल. मी तिथं बसणार न्हाई. वैजनाथकडून निरोप धाडायचा न्हाई, मालविकाबाईकडून कागद धाडायचा न्हाई, रडून फोन करायचा न्हाई. तू लिहायचं, सुकन्या, तुझ्या हातानं, आन् भीमालाच.

लक्ष्मीबाई